पत्रकारितेचे शिक्षण : कोणासाठी आणि कोणाच्या पैशाने?

आमच्या वालूरची एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात प्रस्तुत लेखकाकडे आली. हातात तीन माहितीपुस्तिका होत्या, तिन्ही गुळगुळीत कागदावर छापलेल्या. मुलगी बी. ए. झालेली, वडिलांची कोरडवाहू चार एकर जमीन, त्यात कापूस आणि सोयाबीन. तिने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. "सर, पत्रकारितेची पदवी चांगली मिळेल आणि रान विकावं लागणार नाही, अशी जागा कोणती?" तीन तपे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही. ही त्या माणसाची नामुष्की आहेच. परंतु त्याहून अधिक ती या राज्याच्या शिक्षणधोरणाची नामुष्की आहे, आणि आपल्या चळवळीनेही तिच्याकडे आजवर पाठ फिरवली आहे. म्हणून हा लेख.

वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या जागांसाठी मोर्चे निघतात, न्यायालयांत खटले लढवले जातात, विधिमंडळात गदारोळ होतो. पत्रकारितेच्या जागेसाठी मोर्चा निघाल्याचे कोणी ऐकले आहे काय? हा विषय हौशी तरुणांचा, शहरी, किरकोळ असा आपण समज करून घेतला आहे. वस्तुस्थिती अशी की, डॉक्टर कोण होणार यावर आपल्या आजाराचे भवितव्य अवलंबून असते, तर पत्रकार कोण होणार यावर आपला आजार कोणाला कळणार की नाही हे अवलंबून असते. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच राजकीय आहे.

त्या मुलीपुढे दारे कोणती आहेत ती एकेक पाहू.

पहिले दार पुण्या-मुंबईच्या खाजगी आणि अभिमत संस्थांचे. तेथे कॅमेरे आहेत, स्टुडिओ आहे, वातानुकूलित वर्ग आहेत. आणि शुल्क लाखांच्या घरात आहे. त्यावर खोलीभाडे, खाणावळ आणि प्रवास. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोकळी वाट करून देण्यात आली, तेव्हा हा अपवाद आहे, सरकारी तिजोरीवरचा भार हलका करण्याची युक्ती आहे, असे सांगण्यात आले होते. अपवादाचा नियम व्हायला फार काळ लागला नाही. पुढे जे जे नवे अभ्यासक्रम निघाले ते ते जन्मतःच विनाअनुदानित निघाले, आणि माध्यमांचे शिक्षण त्यांत अग्रभागी होते. ज्या महाविद्यालयाची इमारत लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली, ज्याचे कला आणि विज्ञानाचे प्राध्यापक सरकारी वेतनावर शिकवतात, त्याच महाविद्यालयाच्या वरच्या मजल्यावर माध्यमशिक्षणाचे स्वतंत्र दुकान थाटलेले असते. छप्पर सार्वजनिक, गल्ला खाजगी!

दुसरे दार दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे. १९६५ साली केंद्र सरकारने स्थापन केलेली ही संस्था आहे, आणि २०११ पासून तिचे एक केंद्र आपल्या अमरावतीला आहे. सरकारी संस्था म्हटल्यावर शेतकऱ्याच्या मुलीने आशेने पाहावे हे स्वाभाविक आहे. परंतु डिसेंबर २०१९ मध्ये या संस्थेच्या विद्यार्थ्यांना दिल्लीत शुल्कवाढीविरुद्ध धरणे धरावे लागले होते. त्या वर्षी रेडिओ व दूरचित्रवाणी पत्रकारितेच्या एका वर्षाच्या पदविकेचे शुल्क १,६८,५०० रुपये होते. वसतिगृह आणि खानावळ वेगळी. सरकारी संस्थेने 'खर्च भागला पाहिजे' ही व्यापाऱ्याची भाषा शिकली की काय होते, याचे हे उदाहरण होय. २०२४ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दर्जा वाढला याचे स्वागत करू; परंतु दर्जाबरोबर दारही रुंद होणार काय, हा आमचा प्रश्न आहे.

तिसरे दार राज्यातील विद्यापीठांचे, आणि खरे म्हणजे हेच आपले दार. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले. पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम १९६४ साली सुरू झाला आणि फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट हे नाव मराठी वृत्तपत्रसृष्टीत घरोघर पोचले. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. परभणी जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचे संकुल आहे. सेलू स्थानकावरून रेल्वेने ते सुमारे शंभर किलोमीटर. येथील शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने पुष्कळच कमी. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी की, ही दारे उघडी आहेत, पण आतला दिवा मालवत चालला आहे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत प्राध्यापकांच्या मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि अध्यापनाचा गाडा तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या खांद्यावर चालतो. ज्या शिक्षकाला पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्यांना सत्तेपुढे निर्भय राहण्याचे धडे द्यावेत, अशी आपली अपेक्षा! रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग हलवून विद्यापीठाच्या आवारातील दुसऱ्या विभागात विलीन करण्याचा घाट २०२१ साली घातला गेला. विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी उभे राहिले, ओरड झाली, तेव्हा त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. पुण्याच्या मध्यवस्तीतील संस्थेला आवाज उठवणारे माजी विद्यार्थी तरी होते. नांदेडच्या वा अन्य जिल्ह्यांतील एखाद्या विभागाचा श्वास मंदावला तर त्याची चार ओळींची बातमीही येत नाही.

चौथे दार मुक्त शिक्षणाचे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शेतात राबणाऱ्या आणि संसारात अडकलेल्या हजारोंना पदवी मिळवून दिली, याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु बातमीदारी ही पोहण्यासारखी विद्या आहे. ती पुस्तक घरपोच मिळून येत नाही. लिहिलेली बातमी कोणीतरी लाल शाईने तपासावी लागते, पुन्हा लिहायला लावावी लागते, तहसील कचेरीत पाठवून कागद मागायला लावावे लागते. मुक्त विद्यापीठ हे पूरक म्हणून उत्तम. गरिबांसाठी तेवढेच पुरे, असे म्हणणे हा मात्र वर्गभेद होय.

एवढ्या दारांवरून फिरल्यावर त्या मुलीच्या वडिलांनी सुचवले की, कर्ज काढू. कर्जाचा हिशेब मांडणे हा आमचा धंदाच असल्याने तो मांडून दाखवला. समजा पाच लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, सात वर्षांची फेड. दरमहा हप्ता सुमारे ८,३०० रुपये पडतो आणि सात वर्षांत पाच लाखांचे जवळजवळ सात लाख होतात. आता समजा मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी दरमहा पंधरा हजारांची नोकरी लागली. निम्म्याहून अधिक पगार बँकेत गेला. उरलेल्या पैशात ती खोली घेणार, जेवणार, आणि शिवाय गावोगाव फिरून बातम्या आणणार! ती काय करील हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. ती वर्षभरात पत्रकारिता सोडून एखाद्या कंपनीच्या किंवा पुढाऱ्याच्या प्रसिद्धीखात्यात जाईल. दोष तिचा नसेल. जिला सत्य शोधायला शिकवले, तिच्यावर सत्य झाकण्याच्या नोकरीखेरीज गत्यंतर नाही असा हप्ता लादणारी ही व्यवस्था दोषी आहे.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा सिद्धान्त सांगितला पाहिजे. ज्या सेवेचा लाभ ती विकत घेणाऱ्यापुरता राहत नाही, सर्व समाजात पसरतो, ती सेवा बाजार पुरेशी निर्माण करीत नाही. चांगल्या बातमीदाराने पीकविम्यातील गोलमाल उघडकीस आणला तर लाभ हजारो शेतकऱ्यांचा होतो. बातमीदाराच्या पगारात मात्र दमडीची भर पडत नाही. समाजाचा लाभ मोठा आणि व्यक्तीची मिळकत अल्प, असे जेथे असते तेथे शिक्षणाचा खर्च व्यक्तीवर टाकणे हे अन्यायाचे तर आहेच, पण अर्थशास्त्रदृष्ट्याही मूर्खपणाचे आहे. असे केले की त्या व्यवसायात दोनच प्रकारचे लोक उरतात: ज्यांना पगाराची गरज नाही ते, आणि ज्यांना पगाराशिवाय अन्य मिळकतीचा मार्ग सापडला आहे ते.

याचा परिणाम आपण रोज वाचतो. २००६ साली मुंबईत भरलेल्या एका फॅशन सप्ताहाला ५१२ अधिकृत पत्रकार हजर होते, आणि त्याच काळात विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचा मागोवा घ्यायला बाहेरून येऊन राहिलेल्या राष्ट्रीय माध्यमांच्या पत्रकारांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती, हे पी. साईनाथ यांनी देशासमोर मांडले. त्या ५१२ जणांना दुष्ट म्हणण्याचे कारण नाही. ते ज्या घरांतून आणि ज्या संस्थांतून आले त्यांत कापसाचा भाव हा जेवणाच्या ताटावरचा विषय नव्हता, इतकेच. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार उडाला, तेव्हाही वाहिन्यांची वाहने आली, गुडघाभर पाण्यात उभे राहून बोलली आणि पाणी ओसरताच निघून गेली. पंचनामे कसे झाले, खरडून गेलेल्या जमिनीची नोंद कोणी व कशी केली, पैसेवारी कशी ठरली, हा पुढचा आणि खरा वृत्तान्त लिहिणारा माणूस तालुक्यातच राहणारा हवा. आणि तालुक्यात राहणाऱ्या बातमीदाराची दशा काय? मानधन नाममात्र, ओळखपत्र हाच पगार, आणि दिवाळी अंकाच्या, वाढदिवसाच्या जाहिराती आणून द्यायच्या त्या वेगळ्याच. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याच विरुद्ध बातमी लिहायची, हे शौर्य आपण कोणाकडून अपेक्षितो? २००९ च्या निवडणुकांत महाराष्ट्रात बातमीच्या वेषात जाहिराती विकल्या गेल्याचे प्रकरण गाजले. २०१० साली प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. त्या रोगाचे जंतू या तळच्या दारिद्र्यात आहेत.

आता आक्षेपांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, पत्रकाराला पदवी लागतेच कशाला? १८३२ साली 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांपाशी पत्रकारितेची पदवी नव्हती. 'दीनबंधू' चालवणाऱ्या नारायण मेघाजी लोखंड्यांपाशी नव्हती. १९१० साली सुरू केलेला 'दीनमित्र' तरवडीसारख्या नेवासे तालुक्यातील खेड्यातून अनेक दशके चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांपाशी नव्हती. निजामाच्या राजवटीत 'मराठवाडा' काढणाऱ्या आ. कृ. वाघमाऱ्यांपाशी आणि पुढे ते पत्र घडवणाऱ्या अनंत भालेरावांपाशीही नव्हती. सारे खरे. परंतु ही माणसे अशिक्षित नव्हती. त्यांना चळवळीने शिकवले होते, आणि त्या चळवळींपाशी स्वतःची पत्रे होती. १९२० साली 'मूकनायक' काढणारे डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आले होते, आणि तेही बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर. 'मूकनायक'लाही शाहू महाराजांचे आर्थिक साहाय्य लाभले. म्हणजे त्या काळीही प्रश्न हाच होता की, गुणवत्तेच्या पाठीशी पैसा कोणाचा उभा राहतो. शिवाय आज वृत्तसंस्थांच्या दारावर पदवी मागितली जाते. पदवी निरुपयोगी आहे हा उपदेश ज्याच्या खिशात ती आहे त्यानेच करावा, आणि ज्याला ती परवडत नाही त्याने तो ऐकावा, हा प्रकार जुनाच आहे.

दुसरा आक्षेप असा की, नोकऱ्याच नाहीत तर पदवीधर कशाला वाढवायचे? नोकऱ्या नाहीत हे अर्धसत्य आहे. संरक्षण असलेल्या नोकऱ्या नाहीत, हे पूर्ण सत्य. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने वेतनमंडळाचा हक्क दिला. मजिठिया मंडळाच्या शिफारशी २०११ साली सरकारने मान्य केल्या आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या; तरी मालकांनी कंत्राटी पद्धतीचा आडोसा घेऊन त्यांतून अंग काढून घेतले. पुढे २०२० साली संमत झालेल्या श्रमसंहितांनी तो स्वतंत्र कायदाच आपल्या पोटात घेतला. तेव्हा नोकरीचा प्रश्न हा शिक्षण कमी करून नव्हे, कामगार म्हणून पत्रकारांची संघटना मजबूत करून सुटेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपल्याच मित्रांकडून येतो. सरकारच्या पैशावर पत्रकार घडवले तर ते सरकारचे भाट होणार नाहीत काय? ही भीती निराधार नाही. केंद्रीय संस्थांचा अनुभव डोळ्यांसमोर आहे. परंतु सरकारी अनुदानावरील महाविद्यालयांतूनच सरकारविरोधी आंदोलनांचे कार्यकर्ते निघाले, हेही आपण पाहिले आहे. कारण प्राध्यापकाची नोकरी सुरक्षित होती आणि विद्यार्थ्याच्या डोक्यावर कर्ज नव्हते. निर्भयता ही हवेतून येत नाही. तिला पायाखाली थोडी जमीन लागते. अनुदान कायद्याने बांधलेले असावे, नेमणुका विद्यापीठाच्या हाती असाव्यात, आणि मंत्रालयाचा हात अभ्यासक्रमापासून दूर असावा, ही मागणी त्याबरोबरच केली पाहिजे. बाजाराचा अंकुश मात्र स्वातंत्र्य आणि सरकारचा अंकुश तेवढा गुलामी, हा भ्रम समाजवाद्यांनी तरी बाळगू नये.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी मांडलेला मुद्दा असा होता की, सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. एकशेचाळीसहून अधिक वर्षांनी वालूरच्या शेतकऱ्याच्या मुलीला तोच हिशेब पुन्हा मांडावा लागतो. मराठवाड्यापुरते बोलायचे तर संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदात तंत्रशिक्षण आणि व्यवसायशिक्षणाच्या पुरेशा सोयींची न्याय्य वाटणी नमूद आहे. त्यासाठी १९९४ साली वैधानिक विकास मंडळे नेमली गेली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, आणि सत्ताधाऱ्यांपैकी कोणाचीही त्यामुळे झोप उडाल्याचे दिसले नाही. अनुशेष म्हटला की आपण धरणे आणि रस्ते मोजतो. बातमीचाही अनुशेष असतो. जो प्रदेश स्वतःचे वृत्त स्वतः लिहू शकत नाही, त्याचे बाकीचे अनुशेष कोणाला दिसणार?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. सार्वजनिक विद्यापीठांतील पत्रकारिता विभागांना पूर्ण अनुदान द्यावे आणि तेथील मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत. अडीच लाखांहून कमी उत्पन्न असलेल्या कोणत्याही घरातील विद्यार्थ्याला शिक्षण, वसतिगृह व खानावळ निःशुल्क असावी, आणि शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे, दरमहा हाती पडावी. वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत जे विद्यार्थी प्रशिक्षणाच्या नावाखाली राबवले जातात त्यांना किमान वेतन सक्तीचे करावे. फुकट राबणे श्रीमंताच्याच मुलाला परवडते. अभ्यासक्रमात कॅमेऱ्याइतकेच महत्त्व सातबारा आणि फेरफार वाचण्याला, जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प उलगडण्याला आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करण्याला द्यावे. हे शिक्षण उत्तम मराठीत व्हावे, आणि इंग्रजी भाषा म्हणून इतकी चांगली शिकवावी की तिच्यावाचून कोणाचे अडू नये. १९६६ साली कोठारी आयोगाने शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाची शिफारस केली. २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. आकडा लिहून पोट भरत नाही.

आणि दोन शब्द आपल्या घरासाठी. समाजवादी चळवळीची साप्ताहिके ही एकेकाळी पत्रकारितेच्या शाळा होत्या. शुल्क नव्हते, पण मजकूर तीनदा परत येई. ती शाळा आपणच बंद पडू दिली. या साप्ताहिकाने दरवर्षी पाच ग्रामीण तरुणांना मानधन देऊन वर्षभर शिकवावे, त्यांच्या लेखनाला पान द्यावे, ही विनंती आम्ही संपादकांस जाहीरपणे करीत आहोत. प्रस्तुत लेखक आपल्या निवृत्तिवेतनातून एका तरुणाच्या मानधनाचा वाटा उचलील.

त्या मुलीला आम्ही शेवटी काय सांगितले? नांदेडला अर्ज कर, संभाजीनगरलाही कर. पैसे भरण्याआधी चार गोष्टी समक्ष जाऊन विचार: कायम प्राध्यापक किती आहेत, मागच्या तुकडीची मुले आज कोठे काम करतात, विद्यार्थ्यांचे स्वतःचे पत्र निघते काय, आणि एकूण खर्चाचा आकडा कागदावर लिहून मिळतो काय. ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येईल ती पत्रकारिता शिकवण्यास नालायक समज.

वालूरची जुनी चक्राकार बारव गाळाने आणि कचऱ्याने बुजून गेली होती. काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी खपून ती मोकळी केली, तेव्हा पायऱ्या जशाच्या तशा शाबूत निघाल्या. आपल्या सार्वजनिक विद्यापीठांचे तसेच आहे. नव्या विहिरी विकायला निघालेल्यांच्या मागे धावण्याची गरज नाही. आपल्या पूर्वसुरींनी बांधलेले आहे, ते आपले आहे. गाळ उपसायला माणसे हवीत, आणि तो कोणी टाकला हे सांगायला पत्रकार हवेत.